आरएक्स १००: गार इंजिनात टकटक. पिस्टन, गजन पिन की बोअरच ढिला?

शिरोळचा_आरएक्सवाला (शनिवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. वडिलांची १९९४ची यामाहा आरएक्स १०० आहे. मी तिसरीत होतो तेव्हापासून घरात. मागच्या दिवाळीत इंजिन खोललं, ब्लॉक बोअर करून (पिस्टन फिरतो ते भोक मोठं करून) ०.५० ओव्हरसाइज, म्हणजे अर्धा मिमी मोठा पिस्टन टाकला. त्यानंतर साधारण चार हजार किलोमीटर फिरली असेल. रोज शेत आणि जयसिंगपूर, महिन्यातून एखादी कोल्हापूरची फेरी.

गेल्या दोन महिन्यांपासून सकाळची पहिली किक मारली की ब्लॉकमधून टकटक ऐकू येते. आधी दोन मिनिटांत जायची, आता गाडी तापली तरी थोडी राहतेच. पिकअपही पूर्वीसारखा नाही. धूर नेहमीइतकाच. ऑइल पंप वडिलांनी कधीच बंद करून टाकलाय, मी पेट्रोलमध्ये लिटरला ३० मिली २टी (टू-स्ट्रोकचं तेल) घालतो.

इथल्या मेकॅनिकचं म्हणणं, "ब्लॉक गेला, थेट एक एमएमवर जा." मला मात्र दाट संशय आहे की बोअर करणाऱ्यानं मुळातच ढिलं मारून दिलं. नुसत्या सहा-आठ महिन्यांत असं कसं होईल? त्याच्याशी भांडायला जायच्या आधी इथं विचारतोय. आवाज नक्की पिस्टनचाच आहे हे कसं ओळखायचं?

---

जुना_मिस्त्री (शनिवार, रात्री १०:१५)

भावा, भांडायला नंतर जा. आधी कान लाव.

साताऱ्यात तीस वर्षं टू-स्ट्रोक खोलतोय. पोरं येतात आणि म्हणतात "काका, आवाज येतोय." मी विचारतो, कसला? टकटक, खुळखुळ, टिणटिण, खडखड, घरघर की ठोका? निम्मं निदान तिथंच होतं.

टकटक, गार असताना जास्त आणि तापल्यावर कमी: पिस्टन बोअरमध्ये डोलतोय. आवाज जरा पोकळ असतो, लाकडावर बोटाच्या पेरानं वाजवल्यासारखा.

खुळखुळ, म्हणजे डब्यात दोन खिळे टाकून हलवल्यासारखं, आणि तेही अर्ध्या थ्रॉटलला किंवा उतारावर थ्रॉटल सोडल्यावर: गजन पिन (पिस्टनला रॉडशी जोडणारी) नाहीतर तिचं निडल बेअरिंग. हा गाडी तापली तरी जात नाही, उलट वाढतो.

टिणटिण, चढावर टॉप गिअरमध्ये थ्रॉटल पिळल्यावर, काचेवर चमचा मारल्यासारखी: यात पिस्टन ढिला असण्याचा प्रश्न नाही. टायमिंग पुढं गेलंय, हेडमध्ये कार्बन साठलाय किंवा मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय. याच्याकडं काणाडोळा केलास तर पिस्टनच्या डोक्याला भोक पडतं.

ठोका, खालून, लोड घेतल्यावर, पायाच्या तळव्याला जाणवणारा: बिग एंड, म्हणजे रॉडचं क्रँककडचं टोक. गाडी तिथंच बंद करायची आणि ढकलत घरी आणायची. रॉड तुटला की क्रँककेस फोडून बाहेर येतो.

घरघर, वेगाबरोबर चढत जाणारी: क्रँकची मेन बेअरिंगं.

राहिली खडखड. न्यूट्रलला येते आणि क्लच दाबला की एकदम थांबते. ती क्लचच्या डब्याची. माझ्याकडं "पिस्टन वाजतोय" म्हणून आलेल्या कितीतरी गाड्या नुसता क्लच दाबल्यावर गप्प झाल्यात, आणि त्यातल्या काहींचा ब्लॉक त्याआधी कुणीतरी विनाकारण बोअर करून ठेवलेला होता.

तेव्हा उद्या सकाळी गार गाडीवर आधी क्लच दाबून बघ. मग लांब स्क्रू-ड्रायव्हर घे, मूठ कानामागच्या हाडाला लाव आणि टोक आधी ब्लॉकच्या मागच्या अंगाला, मग पुढच्या, मग क्रँककेसवर टेकव. जिथं आवाज टोचल्यासारखा येतो ती जागा सांग. सायलेन्सरचा नट ढिला नाही ना, तेही बघून घे. पुढं गॅस फुटत असेल तर तोही टकटकच वाजतो, आणि पॅकिंगजवळ काळं तेल ओघळलेलं दिसतं.

---

येझदी_रत्नागिरी (शनिवार, रात्री ११:०२)

मिस्त्रीकाकांशी सहमत. थोडं धीर देणारं सांगतो. माझी येझदी २५० गेली वीस वर्षं रोज सकाळी टकटक करूनच उठते. तिचा पिस्टन ६५ मिमीचा, स्ट्रोक ७५चा. एवढा मोठा पिस्टन गार असताना थोडा डोलणारच. मिनिटभरात गप्प होते. एअरकूल्ड टू-स्ट्रोकचा पिस्टन गारपणी अगदी मुका असेल तर मलाच काळजी वाटते, कारण मग तापल्यावर फुगायला जागा कुठून येणार?

तुमच्या बाबतीत खटकतंय ते हे, की आवाज आधी जायचा आणि आता जात नाही. म्हणजे झीज वाढत चाललीय.

---

मायक्रॉनवाला (रविवार, सकाळी ७:३०)

मी चिंचवडला टूलरूममध्ये आहे. मापाच्या बाजूनं लिहितो.

पिस्टन का वाजतो ते आधी पाहू. आरएक्सचा क्रँक चाकांच्याच दिशेनं, पुढं फिरतो. स्फोट होऊन पिस्टन खाली येताना क्रँकपिन पुढच्या बाजूला असते, म्हणजे कनेक्टिंग रॉड तिरका असतो. त्या तिरकेपणामुळं पिस्टन मागच्या भिंतीवर, म्हणजे कार्बोरेटरच्या बाजूला दाबला जातो. वर जाताना तो पुढच्या भिंतीकडं झुकलेला असतो, आणि वरच्या टोकाशी स्फोटाचा दाब आला की एका भिंतीवरून दुसरीवर आपटतो. ती आपट म्हणजे तुमची टकटक. काकांनी स्क्रू-ड्रायव्हर आधी मागच्या अंगाला लावायला सांगितलाय तो यासाठीच.

पिस्टनचं ॲल्युमिनियम बोअरच्या बिडापेक्षा जवळजवळ दुप्पट फुगतं. म्हणून गार असताना फट जास्त, तापल्यावर कमी. ५० मिमी बोअरच्या, बिडाच्या लायनरच्या (ब्लॉकमधल्या नळीच्या) एअरकूल्ड इंजिनात नव्या कामाला आम्ही ३५ ते ४५ मायक्रॉन फट धरतो. (१००० मायक्रॉन म्हणजे १ मिमी.) १०० मायक्रॉनच्या पुढं गेली की आवाजाला औषध नाही, नवा पिस्टन आणि पुढचा ओव्हरसाइज. बोअरची वरून खाली निमुळती झीज ५० मायक्रॉनच्या आत हवी, आणि एकाच उंचीवर दोन दिशांना घेतलेल्या मापांतला फरक १० मायक्रॉनच्या आसपास.

बोअर करणाऱ्याचं काम बिघडलं होतं की नाही याचा पुरावा तुमच्या ब्लॉकमध्येच आहे. वरच्या रिंगेच्या प्रवासाच्याही वर ३-४ मिमीची एक पट्टी असते. तिथं रिंग पोचत नाही, म्हणून ती झिजत नाही. नखानं चाचपलंत तर बारीकशी कड लागेल. त्या पट्टीचं माप म्हणजे त्यानं दिलेला मूळ बोअर. त्यानं काही चिठ्ठी दिली होती का?

---

शिरोळचा_आरएक्सवाला (रविवार, दुपारी १:१०)

काका, सकाळी सांगितल्याप्रमाणं केलं. क्लच दाबला, आवाजात काही फरक नाही. स्क्रू-ड्रायव्हरनं ब्लॉकच्या मागच्या बाजूला, कार्बोरेटरच्या वर साधारण दोन बोटं, स्पष्ट टकटक. पुढं कमी. क्रँककेसवर फक्त गिअरचा एकसारखा आवाज. सायलेन्सरचं पॅकिंग कोरडं आहे.

मायक्रॉनवाले साहेब, चिठ्ठी सापडली! बिलाच्या मागं पेन्सिलनं लिहिलंय: "पि. ५०.४६, बो. ५०.५०." मी आजवर ते नीट वाचलंही नव्हतं.

आज संध्याकाळी ब्लॉक काढतो. मित्र शिरोली एमआयडीसीत मशीनशॉपला आहे, मायक्रोमीटर आणि बोअर गेज आणतो म्हणालाय.

---

जुना_मिस्त्री (रविवार, दुपारी १:३५)

काढताना तीन गोष्टी सांभाळ.

ब्लॉक अर्धा वर उचललास की लगेच क्रँककेसच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंब, मगच पिस्टन बाहेर येऊ दे. तुटलेल्या रिंगेचा तुकडा किंवा गजन पिनचं लॉक आत पडलं तर रविवार त्यातच जातो.

पिस्टन पुसायच्या आधी फोटो काढ. चारी बाजूंनी. पोरं आधी काथ्यानं घासून चकचकीत करतात आणि मग मला विचारतात काय झालं होतं. जे सांगायचं ते त्या डागांनीच सांगायचं असतं.

पिस्टनवरचा बाण सायलेन्सरकडंच होता ना, तेही बघ. उलटा बसला तर रिंगांची तोंडं (टोकांमधली फट) पोर्टच्या, म्हणजे भिंतीतल्या गॅस जायच्या खिडकीवर येतात आणि अडकतात.

---

वैदर्भी_रायडर (रविवार, दुपारी ४:२०)

मी अमरावतीची. दादाची सुझुकी एएक्स १०० मी चालवते, तिचाही बोअर ५० मिमीच. असाच आवाज येतो म्हणून हा धागा पहिल्यापासून वाचते आहे. माझ्याकडे ना मायक्रोमीटर आहे ना बोअर गेज. फीलर गेजवर (ठरावीक जाडीच्या पात्यांवर) काम भागेल का? दुकानदार म्हणाला, "एक्स्ट्रा २टी टाका, आवाज दबून जाईल." मी टाकलं नाही, आधी विचारते.

---

मायक्रॉनवाला (रविवार, संध्याकाळी ५:०५)

ताई, टाकलं नाहीत ते चांगलं केलंत. २टी वाढवलं की त्या लिटरभरात पेट्रोल तेवढं कमी होतं, म्हणजे जेटमधून जाणारं मिश्रण उलट पातळ पडतं आणि इंजिन जास्त तापतं. शिवाय प्लग आणि सायलेन्सर कार्बननं भरतात. आवाज थोडा दबेल, फट आहे तेवढीच राहील.

फीलर गेजनं अंदाज नक्की येतो. पिस्टनवरच्या रिंगा काढा, बोअर आणि पिस्टन दोन्ही कोरडे पुसा. ब्लॉक उलटा धरा आणि पिस्टनही उलटा, डोकं आधी, आत सोडा. कार्बोरेटरच्या बाजूला, पोर्टची खिडकी चुकवून, अरुंद लांब पात्याची पट्टी पिस्टनबरोबर आत घाला. ०.०४पासून सुरुवात करा आणि चढत जा. जे पातं हलक्या ओढीनं, थोडंसं धरून, पण न अडकता सरकतं ती तुमची फट. ०.१०चं पातं सहज गेलं तर बाकी काही मोजायची गरज नाही.

रिंगेचं तोंडही त्याच गेजनं पाहता येईल. रिंग बोअरमध्ये घालून पिस्टनच्या डोक्यानं सरळ ढकला, म्हणजे ती तिरकी बसणार नाही. मात्र पोर्टच्या वरच, पूर्ण गोल भिंत आहे तिथं मोजा. खिडकीवर मोजलंत तर रिंग बाहेर फुगते आणि आकडा फसवा येतो.

---

शिरोळचा_आरएक्सवाला (रविवार, रात्री १०:५०)

ब्लॉक काढला. फोटो आधी काढलेत काका, फडकंही कोंबलं होतं.

मित्रानं २५-५० चा मायक्रोमीटर आणला आणि तो पिस्टनवर बसेचना! पिस्टन ५०च्या वर गेलाय हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. परत जाऊन ५०-७५ चा आणला, त्यात तास गेला.

मधल्या वेळेत पिस्टन पेट्रोलनं धुऊन पत्र्यावर सुकायला ठेवला होता. पत्रा दिवसभराच्या उन्हानं तापलेलाच होता. मापं अशी:

पिस्टन, गजन पिनच्या काटकोनात, खालच्या कडेपासून १० मिमी वर: ५०.४३.
बोअर, वरची न झिजलेली पट्टी: ५०.५०.
त्याच्या खाली, रिंगा फिरतात तिथं, पुढं-मागं: ५०.५५. डावी-उजवी: ५०.५३.
पोर्टच्या खाली: ५०.५२.

म्हणजे सगळ्यात जास्त फट ०.१२. वरची रिंग पोर्टच्या वर लावून तोंड मोजलं: ०.५५.

पिस्टनचं वर्णन: मागच्या, म्हणजे कार्बोरेटरच्या बाजूचा स्कर्ट (पिस्टनचा रिंगांखालचा भाग) राखाडी, मॅट, उभ्या बारीक रेघांनी भरलेला. बारीक सँडपेपर फिरवल्यासारखा. मूळच्या मशीनच्या आडव्या रेघा तिथं पूर्ण गेल्यात, बाकीच्या बाजूंना अजून दिसतात. पुढच्या बाजूला काही नाही. रिंगांखाली दोन्ही बाजूंना तपकिरी डाग.

---

मायक्रॉनवाला (रविवार, रात्री ११:२०)

छान मोजलंत. एकच दुरुस्ती. पिस्टन तापलेल्या पत्र्यावर होता म्हणालात. पिस्टन बोअरपेक्षा २० अंशांनी जरी गरम असेल तरी या मापाला तो २० मायक्रॉन मोठा दिसतो. नव्या कामाची निम्मी फट तिथंच खाल्ली जाते. ब्लॉक आणि पिस्टन दोन्ही रात्रभर घरात एकाच फरशीवर ठेवा आणि सकाळी पुन्हा मोजा. मायक्रोमीटरचं शून्यही त्याच्याबरोबर आलेल्या दांडीवर तपासून घ्या.

विदर्भातल्या ताईंनाही हेच. तुमच्याकडं उन्हाळ्यात अंगणात माप घेऊच नका.

रिंगेच्या तोंडाचा आकडा बोअरशी जुळतो. बोअर ५० मायक्रॉन वाढला की परीघ ०.१६ मिमीनं वाढतो, तेवढं तोंड उघडतं. बाकीची वाढ रिंग स्वतः झिजल्याची. पिकअप गेला तो इथूनच, आणि ते तपकिरी डागही रिंगांवरून निसटलेल्या गॅसचेच.

आता मूळ प्रश्न. वरची पट्टी ५०.५०, चिठ्ठीवरही ५०.५०. बोअर करणाऱ्यानं लिहिलं तेच दिलं होतं. ४० मायक्रॉन. त्याचं काम चोख आहे.

---

जुना_मिस्त्री (सोमवार, सकाळी ६:४५)

पिस्टनचा फोटो बघितला. धूळ आहे भावा.

पिस्टनवरचे डाग कसे वाचायचे ते सांगतो, ताईलाही उपयोग होईल. चार कोपऱ्यांवर, गजन पिनच्या दोन्ही अंगांना, उभे चमकणारे ओरखडे: फट कमी पडली किंवा गार गाडी लगेच पिळली. पुढं, सायलेन्सरच्या बाजूला एकच रुंद ओरखडा, ॲल्युमिनियम बोअरला चिकटलेलं: गरमी. तिथं तेल कमी पडलंय, नाहीतर मॅग्नेटच्या बाजूचं ऑइल सील गेलंय आणि इंजिन तिकडून फुकटची हवा ओढतंय. आणि मागं राखाडी मॅट, सँडपेपर मारल्यासारखं: कार्बोरेटरवाटे धूळ आत येतेय. टू-स्ट्रोकमध्ये ताजं मिश्रण मागून येऊन थेट पिस्टनच्या स्कर्टवर आपटतं. त्यात धूळ असेल तर ती आधी तिथंच खाते, मग क्रँककेसमध्ये उतरून बेअरिंगं खाते.

एअर फिल्टर उघडून बघ. आणि फिल्टरच्या डब्यापासून कार्बोरेटरपर्यंत जो रबर जातो तो हातात घेऊन वाकवून बघ. नुसता वरून बघितला तर काही दिसत नाही.

गजन पिनही तपास. पिन आणि निडल बेअरिंग रॉडमध्ये घाल, पिन दोन्ही टोकांना धरून वर-खाली हलव. वर-खाली जराही कळलं तर बेअरिंग बदल. पिनवर निळा रंग चढला असेल किंवा नख अडकेल अशी पायरी असेल तर पिनही. मग बिग एंड. मॅग्नेट एका हातानं घट्ट धरून ठेव, रॉड वरच्या टोकाला आण आणि सरळ वर ओढ, खाली दाब. मॅग्नेट धरला नाहीस तर क्रँक थोडा फिरतो आणि उगाच प्ले असल्यासारखं वाटतं. वर-खाली शून्य हवं. डावी-उजवी हलतो त्याला घाबरू नको, तसा तो हललाच पाहिजे.

---

शिरोळचा_आरएक्सवाला (सोमवार, रात्री ८:३०)

सकाळी गार पिस्टन पुन्हा मोजला: ५०.४१. बरोबर २० मायक्रॉनचा फरक! म्हणजे खरी फट ०.१४.

काका, रबर काढून वाकवला आणि खालच्या वळणावर बोटभर लांबीची चीर उघडली. सरळ असताना ओठ मिटल्यासारखी मिटलेली असते, अजिबात दिसत नाही. फिल्टरचा फोम पण एका कोपऱ्यात कुजून भुगा झालाय. कार्बोरेटरच्या तोंडात पांढरं फडकं फिरवलं तर लालसर मातीचं चिखलासारखं पटल आलं. गळीत हंगामात आमच्या रस्त्यावर दिवसरात्र उसाच्या ट्रॉल्या चालतात आणि मी त्यांच्या मागूनच शेतात जातो. दिवाळीत एवढा खर्च करून इंजिन बांधलं आणि दोनशे-तीनशे रुपयांचा रबर तसाच जुना ठेवला. याचं फार वाईट वाटतंय. बोअरवाल्याबद्दल मनात जे धरून बसलो होतो त्याचंही.

बिग एंड वर-खाली अजिबात नाही. गजन पिन किंचित कळते, निळी नाही.

आता पुढं? आमचा मेकॅनिक अजून एक एमएमच म्हणतोय.

---

येझदी_रत्नागिरी (सोमवार, रात्री ९:१५)

एकदम एक एमएम कशाला? लायनरचं बीड परत येत नाही. ०.२५, ०.५०, ०.७५, १.०० या पायऱ्या आहेत, तुम्ही दुसरीवर आहात. सगळ्यात मोठं माप ५०.५५ आहे, ते ०.७५ला आरामात साफ होतं. वडिलांची गाडी अजून वीस वर्षं ठेवायची असेल तर एक पायरी हाताशी राखून ठेवा. (जाता जाता: मूळ ५० बाय ५०चं इंजिन ९८ सीसी भरतं. तुमचं ०.५०ला पुरतं १०० सीसीचं झालं होतं, नावाला शोभेल असं.)

---

मायक्रॉनवाला (सोमवार, रात्री ९:४०)

सहमत, ०.७५. आणि पिस्टन आधी विकत घ्या, मग ब्लॉक द्या. पिस्टनच्या डोक्यावर ठोकलेला आकडा कुणी बोअरचा लिहितं, कुणी पिस्टनचा, त्यामुळं "७५चा बोअर मारा" एवढंच सांगून चालत नाही. दुकानात तुमच्यासमोर पिस्टन मोजायला सांगा आणि त्यावर ४० मायक्रॉन मागा. बोअरिंगनंतर होनिंग (दगडानं बारीक घासणं) झालं पाहिजे, तिरक्या जाळीच्या रेघा दिसल्या पाहिजेत, तेल त्यातच थांबतं.

पोर्टच्या खिडक्यांच्या कडा मोडून घ्यायला विसरू नका. बोअर केल्यावर त्या ब्लेडसारख्या धारदार होतात आणि रिंग त्यांच्यावर घासते. बोट फिरवल्यावर बोचलं नाही पाहिजे.

---

जुना_मिस्त्री (मंगळवार, सकाळी ६:५०)

घरी आणल्यावर ब्लॉक साबणाच्या गरम पाण्यानं धू. पेट्रोल-डिझेलनं होनिंगची भुकटी निघत नाही, रेघांत बसून राहते आणि पहिल्या शंभर किलोमीटरमध्ये नवा पिस्टन खाते. ब्रशनं घासायचं, पुसायचं, पांढरं फडकं फिरवायचं. फडकं पांढरंच निघेपर्यंत. मग लगेच २टीचा हात फिरव, बीड दहा मिनिटांत गंज धरतं.

क्रँककेसमध्येही त्या रबरातून माती उतरलेली असणार. पेट्रोल ओतून, क्रँक हळूहळू फिरवत, ओतून काढ, दोन-तीन वेळा. शेवटी मेन बेअरिंगांवर २टी सोड. बेअरिंग फिरवताना बोटाला कचकच लागली तर इथं थांब, क्रँक खोलावा लागेल.

गजन पिनचं निडल बेअरिंग नवं. लॉक नवीच, जुनी परत घालू नको, आणि त्यांचं उघडं तोंड वर किंवा खाली ठेव, बाजूला नको. पिस्टन वर-खाली थांबताना बसणाऱ्या धक्क्यानं बाजूला तोंड असलेलं लॉक आवळून सुटू शकतं.

आणि नवा रबर, नवा फोम. फोमला तेल लावून पिळून घाल, कोरडा फोम बारीक धूळ धरत नाही.

---

वैदर्भी_रायडर (गुरुवार, संध्याकाळी ७:१०)

माझं पण झालं बघून. ०.०६चं पातं थोडं धरून सरकतं, ०.०८चं जात नाही. पिस्टनवर ओरखडे नाहीत. मग मिस्त्रीकाकांची यादी परत वाचली आणि क्लच दाबून पाहिला, तर आवाज निम्मा झाला! ब्लॉक तसाच बसवला, पॅकिंग फक्त नवं. आता क्लचचा डबा उघडते. काका, तुम्ही नसता तर मी बोअर करून बसले असते.

---

जुना_मिस्त्री (गुरुवार, रात्री ८:००)

पोरी, क्लच आधी दाबायचा असतो, ब्लॉक नंतर. पण स्वतः खोललंस, मोजलंस, परत बसवलंस, याचा लई आनंद वाटला. डब्यातले कुशन रबर आणि रिव्हेट बघ. नवा धागा काढ, तिथं येतो.

---

शिरोळचा_आरएक्सवाला (पुढचा रविवार, सकाळी ११:३०)

मंडळी, काम झालं. उद्यमनगरात त्याच बोअरवाल्याकडं गेलो. त्याला सगळी मापं लिहिलेला कागद दाखवला. त्यानं तो नीट वाचला, वरच्या पट्टीच्या ५०.५०वर बोट ठेवलं आणि मला चहा सांगितला. माझ्यासमोर पिस्टन मोजला: ५०.७१. बोअर दिला ५०.७५. कडा मोडून दिल्या, आणि या वेळी चिठ्ठी पेन्सिलऐवजी पेननं लिहून दिली.

मेन बेअरिंगांत कचकच नव्हती, नशीब. तीन वेळा धुतलं, पहिल्यांदा आलेलं पेट्रोल चहाच्या रंगाचं होतं. ब्लॉक साबणानं धुताना पाचव्या फडक्याला पांढरं निघालं.

पहिल्या किकला सुरू झाली. गार असताना अगदी बारीक टकटक, अर्ध्या मिनिटात बंद. वडील पडवीत पेपर वाचत होते, ते उठून आले, टाकीवर हात ठेवून थोडा वेळ ऐकत उभे राहिले आणि म्हणाले, "चोक काढ आता, तापली."

---

मायक्रॉनवाला (रविवार, दुपारी १२:१५)

फार छान. पहिले ५०० किलोमीटर जोर देऊ नका, पण एकाच वेगानंही चालवू नका. थ्रॉटल चढवा, सोडा, पुन्हा चढवा. लांब चढावर टॉप गिअरमध्ये ओढू नका. आणि आजची मापं तारखेसकट लिहून ठेवा.

---

शिरोळचा_आरएक्सवाला (दीड महिन्यानंतर, शनिवार, रात्री ९:०५)

६२० किलोमीटर झाले. आवाज तेवढाच, पिकअप परत आला. मापं वडिलांच्या जुन्या सर्व्हिस डायरीत लिहिलीत, त्यांच्या १९९८च्या नोंदीच्या खाली.

आज फिल्टरचा डबा उघडला. फोमवर बाहेरून लाल धूळ साचलेली. रबर काढून कार्बोरेटरच्या तोंडात पांढरं फडकं फिरवलं. त्याला फक्त पेट्रोलचा वास होता.